ओळख थोरांची : क्रिस्टी मॅथ्यूसन




या पानावर आम्ही दर अंकात एका थोर व्यक्तीचा परिचय करून देतो. आतापर्यंत संत झाले, समाजसुधारक झाले, वैज्ञानिक झाले. या वेळी एक खेळाडू घेतला आहे, आणि तोही आपल्याकडे फारसा खेळला न जाणाऱ्या बेसबॉलचा. त्याला तसेच कारण घडले.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आमच्या क्रीडा शिक्षकांनी मुलींच्या सॉफ्टबॉल संघाची यादी सहीसाठी टेबलावर ठेवली. गेल्या वर्षी संघासाठी चेंडू टाकणाऱ्या एका मुलीच्या नावावर लाल रेघ मारलेली होती. विचारल्यावर कळले की तिने टाकलेले दोन्ही सामने आपण हरलो. तिच्या जागी दुसऱ्या शाळेतून या वर्षी आलेली, पदके मिळवलेली एक मुलगी घ्यावी असे सरांचे मत होते. सरांचे काही चुकले असे आम्ही म्हणत नाही. जिंकणाऱ्याला घ्यावे, हरणाऱ्याला वगळावे, हा व्यवहारच आहे. पण सही करायला हात पुढे होईना. यादी ठेवून घेतली आणि त्या रात्री घरी मॅथ्यूसनचे चरित्र पुन्हा वाचायला काढले.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी ही घरात आईकडून मिळालेली. त्यात या खेळाचे मराठी शब्द कुणाकडेच फारसे नाहीत, म्हणून काही शब्द इंग्रजीच ठेवले आहेत. मराठीच्या बाईंनी सांभाळून घ्यावे.

आधी खेळाबद्दल थोडे. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. क्रिकेटमध्ये षटकामागून षटक गोलंदाज बदलतो, तसे येथे नाही. जो पिचर सामना सुरू करतो, तो जमेल तितका वेळ एकटाच चेंडू टाकत राहतो. शंभर वर्षांपूर्वी तर नऊच्या नऊ डाव तोच टाकत असे. सामने जवळपास रोज असतात, पण हात काही रोज चालत नाही. म्हणून प्रत्येक संघाला सामना सुरू करणारे चार-पाच भरवशाचे पिचर पाळीपाळीने लागतात. ऑक्टोबरच्या सुमारास मोसम संपतो, वसंतात नवा सुरू होतो. मधल्या हिवाळ्यात संघाचे मालक आणि मॅनेजर एकच हिशेब करत बसतात: कोणता पिचर आणावा, कोणाला सोडावे, कोणाच्या बदल्यात कोणाला द्यावे. आजही अमेरिकेत दर हिवाळ्यात हीच चर्चा घरोघरी चालते. चांगली माणसे हेरून आणणे आपल्या इंदूरला नवीन नाही. सी. के. नायडूंना होळकर महाराजांनीच येथे आणले होते. पण नायडूंसारखे नाव आधीच गाजलेले असले की निवड सोपी जाते. अवघड असते ती वीस वर्षांच्या, तीन सामने हरलेल्या पोराची.

क्रिस्टी मॅथ्यूसनचा जन्म १२ ऑगस्ट १८८० रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या फॅक्टरीव्हिल या छोट्या गावी झाला. घरचे वातावरण धार्मिक होते. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी आई मिनर्व्हाची इच्छा होती. तो झाला बेसबॉलपटू, पण रविवारी खेळणार नाही असे वचन त्याने आईला दिले आणि पाळले. येथे एक गोष्ट सांगायला हवी. न्यूयॉर्कमध्ये १९१९ पर्यंत रविवारच्या सामन्यांना कायद्यानेच बंदी होती, त्यामुळे हे वचन पाळणे वाटते तितके महाग पडले नसावे. तरीही शिकागो, सेंट लुईस अशा शहरांत रविवारी सामने होत, आणि तेथेही तो मैदानात उतरला नाही.

बकनेल विद्यापीठात तो शिकला. त्या काळी बेसबॉल खेळणारे बहुतेक लोक खाणीतले, गिरणीतले, फार तर शाळा अर्ध्यात सोडलेले असत. खेळाडूंना चांगल्या हॉटेलात खोली मिळायची मारामार होती. अशा धंद्यात कॉलेजात वर्गाचा अध्यक्ष असलेला, वाङ्मय मंडळात भाग घेणारा, फुटबॉलमध्येही नाव काढलेला, सहा फुटांहून उंच मुलगा आला. चेकर्स हा पटावरचा खेळ तो एका वेळी अनेकांशी खेळत असे, आणि तोही पटाकडे न बघता. सांगायचे एवढेच की त्याची स्मरणशक्ती विलक्षण होती. पुढे कोणता फलंदाज कोणत्या चेंडूवर चुकतो हे त्याच्या डोक्यात कायमचे नोंदलेले असे.

सुट्टीत पैशासाठी तो लहान संघांकडून खेळे. १८९९ साली मॅसेच्युसेट्समधल्या टाँटनच्या संघात असताना एका डावखुऱ्या सहकाऱ्याकडून त्याने एक चेंडू शिकून घेतला. उजव्या हाताने टाकलेला वळणारा चेंडू एरवी उजव्या फलंदाजापासून दूर जातो. हा चेंडू मनगट उलटे फिरवून टाकल्यामुळे फलंदाजाच्या अंगाकडे वळत खाली बसे. क्रिकेटची गुगली डोळ्यांसमोर आणा म्हणजे कल्पना येईल. पुढे याला फेडअवे असे नाव पडले. हाताला त्याचा फार त्रास होतो, म्हणून तो एका सामन्यात मोजकेच असे चेंडू टाकायचा. ज्याच्याकडून तो शिकला, त्याला स्वतःला म्हणे हा चेंडू नेमका टाकता येत नव्हता. शिक्षकांनी या वाक्यावर रागावू नये.

१९०० साली व्हर्जिनियातल्या नॉरफोकच्या संघासाठी त्याने २० सामने जिंकले आणि फक्त २ हरले. लगेच न्यूयॉर्क जायंट्स या मोठ्या संघाने जुलै महिन्यात त्याला १५०० डॉलरच्या सौद्यावर बोलावले. आणि येथे सारे बिघडले. मोठ्या मैदानावर त्याचा चेंडू ठिकाणावर पडेना. चार वाईट चेंडू टाकले की फलंदाजाला फुकट पहिल्या बेसवर जाऊ द्यावे लागते, त्याला वॉक म्हणतात. जेमतेम ३४ डावांत त्याने असे वीस वॉक दिले. तीन सामने हरला, जिंकला एकही नाही. मोसम संपताच जायंट्सनी त्याला नॉरफोकला परत पाठवून दिले.

त्या हिवाळ्यात सिनसिनाटी रेड्स या संघाने नियमाप्रमाणे १०० डॉलर भरून त्याला घेतले. घेतले आणि लगेच, १५ डिसेंबर १९०० रोजी, पुन्हा न्यूयॉर्कलाच देऊन टाकले. बदल्यात मागितला अ‍ॅमॉस रूसी.

रूसी कोण, हे समजल्याशिवाय या सौद्याची गंमत कळणार नाही. १८९० च्या दशकात त्याच्याइतका वेगवान चेंडू टाकणारा दुसरा क्वचितच असेल. सलग चार वर्षे, १८९१ ते १८९४, त्याने दर वर्षी तीसहून अधिक सामने जिंकून दिले. १८९३ मध्ये पिचर आणि फलंदाज यांच्यातले अंतर वाढवून ६० फूट ६ इंच केले गेले, ते पुष्कळसे रूसीच्या वेगाच्या धाकाने, असे मानतात. तेच अंतर आजही आहे. रूसीच्या खात्यावर २४० हून अधिक विजय होते आणि वय होते अवघे २९. एका पारड्यात हा माणूस, दुसऱ्या पारड्यात शून्य विजयांचे पोर. आपल्यापैकी कितीजण पोर निवडतील? आम्ही स्वतःला विचारले. खरे सांगायचे तर आम्ही रूसीलाच घेतले असते.

फक्त एक बाब कागदावर दिसत होती आणि सिनसिनाटीने ती मनावर घेतली नाही. रूसी १८९९ आणि १९०० ही दोन्ही वर्षे एकही सामना खेळला नव्हता. हाताला दुखापत होती आणि इतरही अडचणी होत्या. सिनसिनाटीसाठी तो १९०१ मध्ये तीन सामन्यांत दिसला, एकही जिंकला नाही, आणि त्याचा खेळ संपला. मॅथ्यूसनने त्याच वर्षी न्यूयॉर्कसाठी २० सामने जिंकले. १५ जुलैला तर सेंट लुईसच्या संघाला संपूर्ण सामन्यात एकही यशस्वी फटका मारू दिला नाही.

पण ही गोष्ट इतकी सरळ नाही. सिनसिनाटीचे मालक जॉन ब्रश यांचा डोळा तेव्हाच न्यूयॉर्कच्या संघावर होता आणि १९०२ साली त्यांनी तो विकत घेतलाही. त्यामुळे चांगले पोर त्यांनी मुद्दामच पुढे सरकवले, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्याला आपण इतिहासातली घोडचूक म्हणतो, ती एखाद्या हुशार व्यापाऱ्याची चालही असू शकते. मॅथ्यूसनही अगदी निष्कलंक नव्हता. त्याच हिवाळ्यात फिलाडेल्फियाचे मॅनेजर कॉनी मॅक यांच्याशी त्याने करार केला होता. तो मोडून तो न्यूयॉर्कला परतला. थोरांच्या चरित्रातला डाग झाकला तर मुलांचा थोरांवरचा विश्वासच उडतो, म्हणून हे लिहिले.

१९०२ मध्ये तर त्याला वाया घालवण्याचीच तयारी झाली होती. संघ तळाला होता आणि मॅनेजरच्या डोक्यात काय आले कोण जाणे, या पिचरला काही सामन्यांत पहिल्या बेसवर उभे केले. गणिताच्या उत्तम शिक्षकाला आपण बससोबत पाठवतो, तसे. जुलैत जॉन मॅग्रॉ हे नवे मॅनेजर आले. ठेंगणे, तापट, पंचांशी भांडणारे, जिभेला हाड नसलेले गृहस्थ. त्यांनी आल्याबरोबर हा प्रकार बंद केला आणि मॅथ्यूसनला पिचर म्हणूनच ठेवले. हा शांत, वाचन करणारा तरुण आणि तो भांडकुदळ मॅनेजर यांची अशी मैत्री जमली की १९०३ मध्ये मॅथ्यूसनचे जेन स्टाउटनशी लग्न झाल्यावर दोन्ही जोडपी न्यूयॉर्कमध्ये एकाच घरात राहिली.

त्यानंतरचे आकडे पाहा. १९०३ मध्ये ३० विजय, १९०४ मध्ये ३३, १९०५ मध्ये ३१. त्या वर्षीच्या जागतिक मालिकेत समोर होता कॉनी मॅक यांचाच फिलाडेल्फियाचा संघ. ९, १२ आणि १४ ऑक्टोबर अशा सहा दिवसांत मॅथ्यूसनने तीन पूर्ण सामने टाकले आणि तिन्हीत समोरच्यांना एकही धाव काढू दिली नाही. २७ डावांत वॉक किती? एक. असा पराक्रम त्या स्पर्धेत पुन्हा कोणी केलेला नाही. १९०८ मध्ये त्याने ३७ सामने जिंकले. १९१३ मध्ये ३०६ डाव टाकून २१ वॉक दिले. वर १९०० सालचा आकडा दिला आहे, ३४ डावांत २०. गणिताच्या सरांनी आठवीच्या वर्गात याचे प्रमाण काढून घ्यावे, मुलांना आवडेल.

हरलाही पुष्कळ. जागतिक मालिकेत एकूण पाच सामने जिंकले, तर पाच हरले. १९१२ मध्ये बॉस्टनविरुद्धच्या निर्णायक सामन्यात दहाव्या डावात फ्रेड स्नॉडग्रास या सहकाऱ्याच्या हातून सोपा झेल सुटला आणि मालिका गेली. मात्र त्या डावात मॅथ्यूसननेही एका फलंदाजाला वॉक दिला होता. वर्तमानपत्रांनी बिचाऱ्या स्नॉडग्रासला जन्मभर सोडले नाही. मॅग्रॉंनी मात्र त्याला संघात ठेवले.

आता दुसऱ्या हिवाळ्याची गोष्ट. आम्हाला ती पहिलीपेक्षाही महत्त्वाची वाटते.

१९१६ पर्यंत हात थकला होता. जुलैत जायंट्सनी त्याला सिनसिनाटीला दिले, मॅनेजर म्हणून. ज्या गावाने सोळा वर्षांपूर्वी त्याला सोडून दिले होते, तेथेच तो परत आला. ४ सप्टेंबरला शिकागोच्या मॉर्डेकाय ब्राउन या जुन्या प्रतिस्पर्ध्यासमोर त्याने शेवटचा सामना टाकला. दोघांचेही हात संपलेले. धावांचा पाऊस पडला आणि सिनसिनाटी १०-८ ने जिंकले. ३७३ विजयांपैकी एवढा एकच सिनसिनाटीच्या वाट्याला आला.

त्या संघात हॅल चेस नावाचा खेळाडू होता. पहिल्या बेसवर त्याच्याइतका चपळ माणूस त्या काळात नव्हता, हे त्याचे शत्रूही मान्य करीत. पण तो सट्टेबाजांशी संगनमत करून सामने सोडतो अशी कुजबुज वर्षानुवर्षे होती. त्याच्याकडून फेकलेला चेंडू नेमका अर्धा क्षण उशिरा पोहोचायचा. मॅथ्यूसनसारख्या नजरेच्या माणसापासून हे लपणे शक्य नव्हते. ऑगस्ट १९१८ मध्ये त्याने चेसला निलंबित केले. मोसम चालू असताना, सर्वांत कुशल खेळाडूला.

लगेच मॅथ्यूसन महायुद्धात कॅप्टन म्हणून फ्रान्सला गेला. विषारी वायूपासून बचाव कसा करावा याचे शिक्षण सैनिकांना देणारे ते पथक होते. बेसबॉलचे टाय कॉब आणि ब्रँच रिकी हेही त्यात होते. प्रशिक्षणात वायू त्याच्या छातीत गेला. इकडे १९१९ च्या सुरुवातीला चेसची चौकशी झाली. मुख्य साक्षीदार समुद्रापलीकडे. पुरावा अपुरा ठरला आणि चेस सुटला.

आणि त्या हिवाळ्यात त्याला कोणी घेतले? जॉन मॅग्रॉ यांनी. जायंट्सना पहिल्या बेसवर माणूस हवा होता, चेस उत्तम होता, हिशेब जुळला. फ्रान्सहून परत आलेला मॅथ्यूसन त्याच जायंट्समध्ये मॅग्रॉंचा सहायक झाला. म्हणजे ज्याला त्याने स्वतः बाहेर काढले होते, तोच समोर रोज खेळताना पाहण्याची वेळ त्याच्यावर आली. मॅग्रॉ मित्र होते, मॅथ्यूसनचा हात त्यांनीच वाचवला होता. तरीही हे त्यांचे वागणे आम्हाला पटत नाही. चेस तो मोसमही धड पूर्ण करू शकला नाही.

१९१९ च्या ऑक्टोबरात सिनसिनाटी आणि शिकागो व्हाइट सॉक्स यांची जागतिक मालिका झाली. मॅथ्यूसन पत्रकारांच्या कक्षात ह्यू फुलरटन या वार्ताहराशेजारी बसला होता. जेथे खेळात काही खोट वाटे, तेथे दोघे मिळून नोंद करीत. संशय खरा निघाला. शिकागोच्या आठ खेळाडूंचे नाव सामने विकण्याच्या प्रकरणात आले. १९२१ मध्ये न्यायालयाने त्यांना सोडले, तरी बेसबॉलने त्यांना कायमचे बाहेर केले. या प्रकरणाच्या आरोपपत्रात चेसचेही नाव होते.

१९२० मध्ये मॅथ्यूसनला क्षयरोग असल्याचे निदान झाले. वायूमुळे छाती दुबळी झाली असेल, पण भाऊ हेन्री १९१७ मध्ये याच रोगाने गेला होता, त्यामुळे एकच कारण ठामपणे सांगता येत नाही. अ‍ॅडिरॉनडॅक डोंगरातल्या सॅरनॅक लेक या गावी क्षयाचे रोगी मोकळ्या हवेसाठी जात. क्षयावर औषध नव्हते, विश्रांती हाच उपचार. जेन त्याच्याबरोबर होती. थोडे बरे वाटल्यावर १९२३ मध्ये त्याने बॉस्टन ब्रेव्ह्ज या संघाचे अध्यक्षपद स्वीकारले. कमजोर संघ, पैसा नाही, पुन्हा तेच हिवाळी हिशेब. प्रकृतीला ते झेपले नाही.

७ ऑक्टोबर १९२५ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, सॅरनॅक लेक येथे त्याचे निधन झाले. त्याच दिवशी पिट्सबर्गमध्ये जागतिक मालिका सुरू झाली होती. दुसऱ्या दिवशी दोन्ही संघांचे खेळाडू दंडावर काळी फीत बांधून उतरले. बकनेल विद्यापीठाजवळ लुइसबर्ग येथे त्याचे दफन झाले, आणि त्या विद्यापीठाच्या मैदानाला आज त्याचे नाव आहे. १९३६ साली बेसबॉलच्या कीर्तिमंदिरासाठी पहिले पाच खेळाडू निवडले गेले. त्यांत तो होता, आणि पाचांत तोच एकटा हयात नव्हता. रूसीलाही हा मान मिळाला, पण १९७७ मध्ये, मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी.

नोंदवहीत मॅथ्यूसनच्या नावापुढे ३७३ विजय आणि १८८ पराभव असे लिहिलेले आहे. १९०० सालचे ते तीन पराभव त्या १८८ मध्ये आहेत, कोणी वगळलेले नाहीत.

सॉफ्टबॉलच्या यादीबाबत क्रीडा शिक्षकांशी आमचे बोलणे झाले आहे. दोन्ही मुलींना सरावाला बोलावले आहे. सराव सोमवारपासून सकाळी साडेसहाला शाळेच्या मैदानावर होईल. अंतिम यादी पंधरा दिवसांनी सूचना फलकावर लागेल. पालकांनी मुलींना वेळेवर पाठवावे, आणि येताना पाण्याची बाटली द्यावी.